हेगला काय द्यायचे आणि काय नाही, ते एकदा स्पष्ट लिहा

प्रति,
सदस्य, परराष्ट्र संबंध समिती, अमेरिकी सिनेट
सदस्य, परराष्ट्र व्यवहार समिती, अमेरिकी प्रतिनिधिगृह

विषय : आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाशी सहकार्य करण्यावरील बंदी आणि तिच्या अपवादांतील घोळ

महोदय, महोदया,

७ जानेवारी २०२५ रोजी तुमच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केले की सुदानमध्ये रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल आणि त्यांच्या साथीदार टोळ्यांनी वंशसंहार केला आहे. त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या माणसांवर निर्बंध घालणारा अध्यक्षीय आदेश १४२०३ निघाला. सुदानच्या दार्फूरमधील गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या, हेग येथील याच न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्याचे नाव त्याच्या जोडपत्रात होते. मधल्या काळात सरकार बदलले, हे खरे. तरी दार्फूरच्या एखाद्या साक्षीदाराचा जबाब हाताशी असलेल्या अमेरिकी वकिलापुढे त्या दिवसापासून एक साधा प्रश्न उभा राहिला : हा कागद हेगला पाठवला तर तो गुन्हा ठरेल का? या प्रश्नाचे सरळ उत्तर तुमच्या कायद्यांत सापडत नाही. ते सापडावे, एवढ्यासाठी हे पत्र.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अमेरिकेने रोम संविधीत, म्हणजे हे न्यायालय स्थापन करणाऱ्या करारात, सामील व्हावे, अशी मागणी आम्ही येथे करत नाही. १७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये १२० देशांनी संविधीच्या बाजूने मत दिले, ७ देश विरोधात गेले आणि २१ तटस्थ राहिले. विरोध करणाऱ्यांत अमेरिका होती. ३१ डिसेंबर २००० रोजी तिने सही केली आणि ६ मे २००२ रोजी पक्षकार होण्याचा इरादा नसल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवले. पक्षकार नसलेल्या देशाच्या नागरिकावर त्या देशाच्या संमतीविना खटला चालू नये, ही तुमची भूमिका सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकी नागरिकाला हेगच्या हवाली करण्यावरची बंदी तशीच ठेवा. आमचा मुद्दा परकीय आरोपींचा आहे. त्यांच्याबाबत मदत करायला काँग्रेसने २००२ मध्येच दार ठेवले होते. त्या दारापर्यंत पोहोचता येत नाही, ही अडचण आहे.

बंदी कुठे कुठे आहे ते पाहू. २ ऑगस्ट २००२ रोजी सही झालेला अमेरिकी सैनिक संरक्षण कायदा आज अमेरिकी कायदेसंहितेच्या शीर्षक २२ मध्ये कलम ७४२१ पासून पुढे आहे. कलम ७४२३ हा त्याचा गाभा. न्यायालयाकडून संविधीनुसार सहकार्याची विनंती आली, तर कोणतेही अमेरिकी कोर्ट, राज्य वा स्थानिक संस्था तिला प्रतिसाद देऊ शकत नाही. आलेले विनंतिपत्र पुढे पाठवायलाही संघीय खात्यांना मनाई आहे. कुणाचेही अमेरिकेतून प्रत्यार्पण करता येत नाही. न्यायालयाचा प्रतिनिधी अमेरिकेच्या भूमीवर तपासाचे कोणतेही काम करू शकत नाही. यांखेरीज एक सरसकट वाक्य आहे : कोणतीही सरकारी संस्था न्यायालयाला ‘पाठबळ’ देणार नाही. या एका शब्दाची व्याख्या पैसा, मालमत्ता, सेवा, गुप्त माहिती, पोलिसी सहकार्य, प्रशिक्षण, माणसे देणे आणि अटक करणे इतकी पसरवली आहे की तिच्याबाहेर राहिले काय, असा प्रश्न पडावा. कलम ७४२५ गोपनीय माहिती आणि पोलिसी तपासाची माहिती न्यायालयापर्यंत थेट वा आडवाटेने जाऊ नये म्हणून कार्यपद्धती आखायला लावते.

मग येते कलम ७४३३. सिनेटर डॉड यांच्या दुरुस्तीतून आलेले हे कलम म्हणते की सद्दाम हुसेन, मिलोसेविच, ओसामा बिन लादेन आणि वंशसंहार, युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे यांचे आरोप असलेले इतर परकीय नागरिक यांना न्यायासमोर आणण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांना मदत करायला ‘या शीर्षकातील काहीही’ आड येणार नाही. (नावाने घेतलेल्या तिघांपैकी एकाचाही खटला या न्यायालयासमोर चालला नाही. मिलोसेविचचा युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणापुढे चालला, सद्दामचा बगदादला. कायद्यात माणसांची नावे घातली की असे होते.)

खोच त्या ‘या शीर्षकातील’ शब्दांत आहे. त्यांचा अर्थ संपूर्ण शीर्षक २२ असा नाही, फक्त २००२ चा हा कायदा असा आहे. कारण पैशाचे कुलूप या कायद्यात नाहीच. ते १९९९ च्या परराष्ट्र व्यवहार अधिकृती कायद्यातले आहे, आज कलम ७४०१. अमेरिका रीतसर तहाने पक्षकार होईपर्यंत कोणत्याही कायद्याखालचा निधी न्यायालयाच्या वापरासाठी वा पाठबळासाठी खर्च करता येणार नाही, असे ते सांगते. २००२ चा अपवाद १९९९ ची बंदी उघडत नाही. कुलपे दोन आहेत, किल्ली एकालाच लागते.

याचा व्यवहारात अर्थ काय, ते पाहा. परकीय आरोपीविषयीची एखादी माहिती हेगला देणे अपवादात बसते. तीच माहिती समजावून सांगायला तज्ज्ञ पाठवायचा, साक्षीदाराला सुरक्षित ठिकाणी हलवायचे, दुभाष्याचे मानधन द्यायचे, म्हणजे खर्च आला आणि खर्च आला की ७४०१. न्याय विभागाच्या कायदेशीर सल्ला कार्यालयाने जानेवारी २०१० मध्ये मत दिले की विशिष्ट तपासाला माहितीचे वा राजनैतिक साहाय्य देणे १९९९ च्या बंदीत मोडत नाही. त्या मतावर पुढची बरीच वर्षे कारभार चालला. पण मत म्हणजे कायदा नव्हे. उद्याचा सल्लागार ते मागे घेऊ शकतो, आणि कनिष्ठ अधिकारी हे जाणून असतो. ज्या फायलीवर सही केल्याने नोकरी अडचणीत येईल आणि न केल्याने काहीच बिघडणार नाही, ती फाईल पडून राहते.

तरीही काम झाले आहे, हेही नोंदवले पाहिजे. १८ मार्च २०१३ रोजी काँगोचा बंडखोर सेनानी बॉस्को एनटागांडा आपल्या पायांनी किगालीतील अमेरिकी दूतावासात चालत आला आणि मला हेगला पाठवा म्हणाला. चार दिवसांत तो न्यायालयाच्या ताब्यात होता. २०१९ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०१५ मध्ये युगांडातील बंडखोर संघटना लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीचा डॉमिनिक ओंगवेन मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात अमेरिकी सैनिकांच्या हाती आला. तिथून युगांडाचे सैन्य आणि स्थानिक सरकार यांच्यामार्फत तो हेगला पोहोचला आणि २०२१ मध्ये २५ वर्षांसाठी तुरुंगात गेला. दोन्ही वेळा आरोपी परकीय होता, अमेरिकेच्या भूमीबाहेर होता आणि सरकारची इच्छा होती. यांतली दुसरी गोष्ट बदला : एनटागांडा किगालीऐवजी एखाद्या अमेरिकी शहरातल्या पोलीस ठाण्यात गेला असता, तर ७४२३ मधील प्रत्यार्पणबंदी समोर आली असती. परकीय आरोपींसाठीचा अपवाद प्रत्यार्पणापर्यंत ताणता येतो की नाही, यावर वकिलांनी वर्षानुवर्षे वाद घातला असता आणि आरोपी तोवर जामीन मागत बसला असता.

ही भीती कल्पनेतली नाही. वंशसंहाराचा आरोप असलेला रवांडाचा पाद्री एलिझाफान एनटाकिरुटिमाना याला १९९६ मध्ये टेक्सासमध्ये अटक झाली. रवांडासाठीच्या न्यायाधिकरणाकडे आरोपी सोपवण्याचा कायदा त्याच वर्षी काँग्रेसने केला होता, न्यायाधिकरण सुरक्षा परिषदेने नेमलेले होते आणि सरकारला तो सोपवायचाच होता. तरी डिसेंबर १९९७ मध्ये लरेडोच्या मॅजिस्ट्रेटने तह नसल्याचे कारण देऊन नकार दिला. पुढे जिल्हा न्यायालय, मग पाचवे सर्किट अपील न्यायालय असे करत तो मार्च २००० मध्ये टांझानियात आरुशाला, न्यायाधिकरणाच्या ठिकाणी, पोहोचला. स्पष्ट कायदा हाती असताना साडेतीन वर्षे लागली. इथे तर हाती संदिग्ध अपवाद आहे.

तुमच्यासमोर आणखी एक मार्गही आहे, कलम ७४३०. अध्यक्ष सरसेनापती म्हणून वा कार्यकारी अधिकारात, एकेका प्रकरणापुरती, ७४२३ आणि ७४२५ ची बंदी बाजूला ठेवू शकतात आणि पंधरा दिवसांत काँग्रेसच्या समित्यांना कळवतात. मात्र हा अधिकार दुसऱ्या कुणाला सोपवता येत नाही. म्हणजे उपग्रहाचे एक छायाचित्र द्यायचे म्हटले तरी फाईल अध्यक्षांच्या मेजापर्यंत चढली पाहिजे. रोम संविधीच्या अनुच्छेद ९३ मध्ये साहाय्याचे बारा प्रकार दिले आहेत : माणसाचा ठावठिकाणा शोधणे, जबाब घेणे, कागदपत्रे बजावणे, झडती, पुरलेले मृतदेह उकरून तपासणे, मालमत्ता गोठवणे वगैरे. त्यांतील बहुतेक कामे दुय्यम अधिकाऱ्याच्या दर्जाची आणि घाईची असतात. मृतदेह पुरलेली जागा पावसाळ्याआधी तपासायची असते. फोन कंपन्या ठरावीक मुदतीनंतर नोंदी पुसून टाकतात. अध्यक्षांच्या वेळापत्रकाची वाट पाहणारा पुरावा बहुधा पुरावा म्हणून उरत नाही.

युक्रेनच्या प्रकरणात हे सर्व एकत्र दिसले. डिसेंबर २०२२ मध्ये तुम्ही २०२३ च्या अर्थसंकल्पी कायद्यातून ७४३३ मध्ये दुरुस्ती केली आणि युक्रेनविषयक तपासात परकीय नागरिकांविरुद्ध न्यायालयाला मदत करायची मुभा दिली. पीडित आणि साक्षीदार यांना आधार देणेही त्यात आले. दुरुस्ती चांगली होती. तरी पुरावे देण्याचा निर्णय व्हायला जुलै २०२३ उजाडला. संरक्षण खात्याचा आक्षेप होता की पक्षकार नसलेल्या रशियाविरुद्ध मदत केली तर तोच पायंडा उद्या आपल्याविरुद्ध वापरला जाईल. आक्षेप विचार करण्याजोगा आहे, पण काँग्रेसने कायदा केल्यावर तो सात महिने खात्याच्या दालनात का लढवला गेला? कारण कायदा ‘करता येईल’ म्हणतो. कुणी, किती दिवसांत, कोणत्या अटींवर, हे म्हणत नाही.

दुसरी अडचण कुणी फारशी बोलून दाखवत नाही. ३ मार्च २०२३ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने युक्रेनविषयक संयुक्त तपास पथकातील सात देशांशी सामंजस्य करार केला. त्याच पथकात एप्रिल २०२२ पासून न्यायालयाचे अभियोक्ता कार्यालयही सहभागी होते. इकडे ७४२३ मधील एक पोटकलम सांगते की परस्पर कायदेशीर साहाय्याच्या तहांखाली दिलेली मदत न्यायालयाच्या हाती जाऊ नये म्हणून अमेरिकेने आपले अटी घालण्याचे हक्क वापरलेच पाहिजेत. मग पोलंडच्या वा लिथुआनियाच्या अभियोक्त्याला मिळालेल्या कागदावर अमेरिकेची अट चिकटली असेल, तर तो शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याला दाखवता येत नाही. संविधीचा अनुच्छेद ७३ याला दुजोरा देतो : पक्षकार नसलेल्या देशाने विश्वासाने दिलेली माहिती त्या देशाच्या संमतीविना उघड करता येत नाही. परिणाम असा की एकाच पथकात पुराव्यांचे दोन ढीग ठेवावे लागतात, दोन नोंदवह्या ठेवाव्या लागतात आणि कुठला कागद कुठल्या ढिगातला याची चूक झाली तर बचाव पक्षाला आयते हत्यार मिळते.

गुप्ततेच्या अटींमुळे खटला कसा बुडू शकतो, याचे उदाहरण न्यायालयाच्या पहिल्याच खटल्यात आहे. काँगोचा बंडखोर नेता लुबांगा याच्या प्रकरणात अभियोक्त्यांनी अनुच्छेद ५४(३)(ई) खाली, केवळ पुढचा पुरावा शोधण्यासाठी म्हणून, दोनशेहून अधिक कागद गोपनीय अटीवर घेतले होते. त्यांतले बहुतेक संयुक्त राष्ट्रांकडून आले होते. त्यांत आरोपीच्या बाजूचा मजकूर निघाला. देणारे तो बचाव पक्षालाच काय, न्यायाधीशांनाही दाखवू देईनात. जून २००८ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच थांबवला. महिने गेल्यावर देणाऱ्यांनी अट सैल केली आणि काम पुढे सरकले. म्हणून अमेरिकेने माहिती द्यायची ठरवली, तर ती कोणत्या वर्गात देते, हे देतानाच लिहिले पाहिजे : फक्त दिशा दाखवण्यासाठी, न्यायाधीशांना बंद दाराआड दाखवण्याजोगी, की खुल्या सुनावणीत वापरता येणारी. ७४२५ खालच्या कार्यपद्धतीत हे तीन कप्पे असावेत. आज तिचा रोख एकाच गोष्टीवर आहे, काहीही बाहेर जाऊ नये.

आता निर्बंधांविषयी. ९ जानेवारी २०२५ रोजी प्रतिनिधिगृहाने २४३ विरुद्ध १४० मतांनी न्यायालयावरील निर्बंधांचे विधेयक संमत केले. २८ जानेवारीला सिनेटमध्ये ते ५४–४५ वर अडले, कारण ६० मते लागत होती. नऊ दिवसांनी तोच विषय अध्यक्षीय आदेशाने आला. जून आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीश आणि उपअभियोक्ते यांची नावे यादीत भरली. निमित्त मुख्यतः नोव्हेंबर २०२४ मधील इस्रायली नेत्यांची वॉरंट आणि अफगाणिस्तानचा तपास. त्यावर तुमचे जे मत असेल ते असो. पण आदेशाचे हत्यार माणसागणिक चालते, प्रकरणागणिक चालत नाही. यादीतल्या व्यक्तीला पैसा, वस्तू वा सेवा देणे बंद. ती व्यक्ती गाझाची फाईल हाताळते आणि दार्फूरचीही. त्यामुळे दार्फूरच्या पीडितांचा वकील, साक्षीदारांवर उपचार करणारा डॉक्टर, जबाबांचा अनुवादक, न्यायवैद्यक प्रयोगशाळा हे सगळे एकाच जाळ्यात सापडतात. आणीबाणी आर्थिक अधिकार कायद्याखाली हेतुपुरस्सर उल्लंघनाची शिक्षा वीस वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख डॉलरपर्यंत दंड अशी आहे. एवढी टांगती तलवार असताना वकील आपल्या अशिलाला एकच सल्ला देतो : थांबा.

आणि हे आदेश कोर्टात टिकतात, असेही नाही. न्यायालयावरच्या अशाच निर्बंधांच्या २०२० च्या आदेश १३९२८ ची अंमलबजावणी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये फिर्यादींपुरती रोखली. एप्रिल २०२१ मध्ये तो आदेशच मागे घेतला गेला. २०२५ च्या आदेशावर मेन राज्यातील संघीय न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दोन फिर्यादींपुरता तसाच हुकूम दिला. दोन्ही वेळा आधार भाषणस्वातंत्र्याचा, पहिल्या घटनादुरुस्तीचा होता. म्हणजे ज्याच्याकडे खटला लढायचे बळ आहे, त्याला मोकळीक मिळते. बाकीचे गप्प बसतात.

तेव्हा आमच्या मागण्या. ७४३३ मधील ‘या शीर्षकातील’ ऐवजी ‘या किंवा १९९९ च्या कायद्यातील’ असे शब्द घाला आणि युक्रेनला दिलेली सवलत परकीय आरोपींच्या सर्व तपासांना लागू करा. निदान सुरक्षा परिषदेने न्यायालयाकडे सोपवलेल्या दार्फूर आणि लिबिया या प्रकरणांना तरी लागू करा. पहिल्या ठरावावर, मार्च २००५ मध्ये, अमेरिका तटस्थ राहिली. दुसऱ्याला, फेब्रुवारी २०११ मध्ये, तिने स्वतः मत दिले. ‘पाठबळ’ या शब्दाची व्याख्या फोडून माहिती, वस्तुरूप मदत आणि पैसा यांना वेगवेगळे नियम लावा. ७४३० मधला अधिकार परराष्ट्रमंत्री आणि ॲटर्नी जनरल यांना संयुक्तपणे वापरू द्या. पंधरा दिवसांच्या कळवण्याची अट राहू द्या, ती चांगली आहे. तहांखालच्या मदतीवर अट घालताना ‘परकीय नागरिकांविरुद्धच्या प्रकरणांखेरीज’ हे शब्द घालायला सांगा. पीडितांचे वकीलपत्र, पुरावा सादर करणे, अनुवाद आणि वैद्यकीय मदत या चार गोष्टींना निर्बंधांतून कायद्यानेच वगळा. त्या अर्थखात्याच्या मर्जीवर सोडू नका.

कलम ७४२७ विषयी थोडेच. न्यायालयाने धरलेल्या अमेरिकी आणि काही मित्रदेशीय व्यक्तींना सोडवायला ‘आवश्यक आणि योग्य ती सर्व साधने’ वापरण्याचा अधिकार ते अध्यक्षांना देते. म्हणून त्याला हेगवरील चढाईचा कायदा म्हणतात. त्याच कलमात न्यायालयाला लाच द्यायला मात्र परवानगी नाही, असे स्वतंत्र वाक्य आहे. फौज चालेल, लाच चालणार नाही. नेदरलँड्स हा नाटोतील तुमचा सहकारी आहे. हे कलम रद्द केल्याने तुमचा एकही सैनिक अधिक धोक्यात येणार नाही. त्याचे खरे संरक्षण शंभराहून अधिक देशांशी झालेले अनुच्छेद ९८ चे करार, म्हणजे अमेरिकी व्यक्तींना न्यायालयाच्या हवाली न करण्याचे करार, करतात. भारतानेही २६ डिसेंबर २००२ रोजी तसा करार केला आहे. आणि त्याहून मोठे संरक्षण अनुच्छेद १७ मध्ये आहे : देश स्वतः प्रामाणिकपणे तपास करत असेल, तर न्यायालयाला ते प्रकरण घेता येत नाही.

या शेवटच्या ढालीला तुमच्याच घरी एक भोक आहे. युद्धगुन्ह्यांचा कायदा १९९६ पासून आहे. जानेवारी २०२३ पासून तो अमेरिकेत सापडलेल्या परकीय आरोपीलाही लागू होतो. वंशसंहार आणि छळ यांसाठीही कायदे आहेत. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी मात्र संघीय कायदाच नाही. युद्ध नसताना नागरी लोकसंख्येवर पद्धतशीर हल्ला घडवणारा माणूस उद्या तुमच्या शहरात सापडला, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याखाली इथे खटला भरता येणार नाही आणि ७४२३ मुळे त्याला हेगला पाठवणेही वादात अडकेल. व्हिसा अर्जातील खोट्या माहितीसाठी त्याला शिक्षा होऊ शकते, तशी पूर्वी अनेकांना झालीही आहे. हा कायदा करायला रोम संविधीची गरज नाही, अध्यक्षांच्या सहीखेरीज कुणाची परवानगीही नाही. सर्व मागण्यांपैकी एकच या सत्रात घ्यायची असेल, तर ही घ्या. दुसरी घेता आली, तर ७४३३ मधले ते शब्द बदला.

आपले,
आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याचे काही अभ्यासक